सोंड सोडून

भाद्रपद शुद्ध द्वितीया, पोळ्याच्या करीचा दुसरा दिवस, सकाळी साडेदहा. डोंगराच्या सीताफळांची हर्रास एक लाख छत्तीस हजार पाचशे रुपयांना सुटली. हजर: सरपंच, ग्रामसेवक, पाच सदस्य, बोली लावणारे चार गुत्तेदार, कोतवाल लिंबाजीमामा, कागद लिहिणारा मी, बघे अंदाजे तीस, आणि आदल्या दिवशी चुडाव्याहून येऊन राहिलेली माझी सुभद्राआत्या, वय चौऱ्याहत्तर. बोलीशी जिचा काही व्यवहार नाही आणि तरी जिला खुर्ची दिली होती, अशी ती एकटीच.

गेल्या वर्षी हाच डोंगर एक लाख एक्केचाळीस हजारांना गेला होता. यंदा बहार बरा, तरी साडेचार हजार कमी. ते कुठं गेले हे मला नेमकं ठाऊक आहे, कारण ते मीच कमी केले.

आज हे लिहायला बसलोय तेव्हा आश्विन अर्धा सरलाय. माझ्या दूध केंद्राच्या कोपऱ्यात कुणीतरी चार सीताफळं पोत्यात गुंडाळून ठेवलीत, ती आज पिकली. दार उघडल्याबरोबर वास आला. दुधाच्या कॅनचा, ओल्या फरशीचा आणि त्यांच्यावर चढून बसलेला हा वास. आंब्याचा वास लांबून हाक मारतो. सीताफळाचा तसा नाही. तो जवळ गेल्याशिवाय कळत नाही, आणि कळला की दुसरं काही सुचू देत नाही. मी फॅटचं यंत्र लावायचं सोडून पोतं उघडलं. एक फळ तर अंगठा टेकताच दुभंगलं. बिया मोजल्या, एक्केचाळीस. गाव मला 'पॉईंटभाऊ' म्हणतं ते उगाच नाही. फॅटचे पॉईंट सांगून सांगून ही सवय लागली. लिंबाजीमामा तर म्हणतात, "ह्याला पाऊस पडला का म्हणून इचारलं तरी तीन पॉईंट पाच सांगतो."

चारठाण्याकडून येणारा रस्ता फाट्याला सोडला की घाट लागतो. सात वळणं. शेवटच्या वळणावर दगडी कुंड, त्याच्या मागं एक बसकी दगडी खोली, आणि मग धामणटेक. सातशे उंबरे, एक पेठ, गुरुवारचा बाजार, एक हायस्कूल, दिवसातून चार एसट्या. ती बसकी खोली म्हणजे हुकुमतीच्या, स्वातंत्र्याआधीच्या संस्थानी काळातला करोडगिरी नाका. खालच्या मुलखातून वर येणाऱ्या प्रत्येक बैलगाडीचा माल इथं उतरवून मोजत आणि जकात घेत. आता त्याच खोलीत मी सकाळ-संध्याकाळ दूध मोजतो. भिंतीत लोखंडी कडी आहे, तिला तराजू टांगत असत. मी तिला दिनदर्शिका टांगली आहे. शंभर वर्षांत खोलीचा धंदा फारसा बदलला नाही, एवढंच म्हणता येईल.

आमचा डोंगर कुणी लावला नाही. म्हातारे सांगत की गाड्या नाक्यावर खोळंबायच्या, गाडीवान बसल्या जागी सीताफळं खायचे आणि बिया उतारावर थुंकायचे. बैल कुंडात पाणी पीत, कारकून माल मोजत, आणि डोंगर आपोआप पेरला जाई. खरं-खोटं माहीत नाही. पण झाडं नाक्याजवळ दाट आहेत आणि जसजसं लांब जावं तसतशी विरळ होतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. जकात कुठल्या कुठं गेली. थुंकलेल्या बियांवर मात्र गाव अजून दरवर्षी सव्वा लाखाच्या वर घेतं.

या झाडाचा स्वभाव मला आवडतो. शेळी त्याच्या पाल्याला तोंड लावत नाही, इतका तो कडू. म्हणून आमचा डोंगर उन्हाळ्यात बोडका दिसला तरी मरत नाही. पाणी कुणी घालत नाही, खत कुणी देत नाही. मृगात फुलं येतात ती इतकी हिरवी आणि पाठमोरी की फुलली होती हे फळ धरल्यावरच कळतं. पोळ्याला फळ लिंबाएवढं असतं. दसऱ्याला त्याच्या खवल्यांमधल्या रेघा पांढुरक्या होतात, त्याला आम्ही डोळा उघडला म्हणतो. डोळा उघडला की तोडायचं, ज्वारीच्या कणगीत किंवा कडब्यात दडपायचं आणि तीन दिवस विसरायचं. विसरणं कुणालाच जमत नाही. लहानपणी आम्ही भावंडं दिवसातून दहादा कणगीत हात घालून फळं दाबत असू, आणि आई म्हणे, "दाबून दाबूनच पिकवायलेत हे."

डोंगर एकच असला तरी त्याला दोन ऋतू आहेत. दक्षिणेच्या अंगाला ऊन भरपूर, तिथली फळं दसऱ्याआधी तयार होतात. उत्तरेला कोरड्या नाल्याकडं डोंगराची एक सोंड उतरते. तिथं ऊन उशिरा पोचतं, म्हणून तिथलं फळ दिवाळीला डोळा उघडतं. आणि दिवाळीला गावात कोण असतं? लेकी.

म्हणून ती लेकींची सोंड. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी धामणटेकला दिल्या-घेतलेल्या नव्हे, धामणटेकला जन्मलेल्या बाया सोंडेवर जातात. पेठेतल्या, मोमीन गल्लीतल्या, बौद्धवाड्यातल्या; लेक ती लेक. सुना जात नाहीत, त्यांनी आपापल्या माहेरी जावं. त्या दिवशी जावयांनी आणि भावांनी सोंडेच्या वाटेवरच्या कडुलिंबाच्या पुढं पाऊल टाकायचं नाही. काठी न्यायची नाही. हाताला येईल ते तोडायचं, ओटीत आणि एका पिशवीत मावेल तेवढं न्यायचं. विकायचं नाही. गुत्तेदारानं सोंडेला हात लावायचा नाही. हे कधीपासून, कुणी ठरवलं? कुणी सांगतं, एका गुत्तेदाराच्या राखणदारानं कुठल्याशा लेकीची ओटी वाटेत रिकामी करवली, तेव्हा पाटलानं सोंड वेगळी काढली. कुणी म्हणतं, लेकींनीच बसून घेतली. लिहिलेलं कुठंच नाही.

लिहिलेलं नव्हतं, कारण त्याची गरज पडत नसे. हर्रास चावडीच्या पायऱ्यांवर व्हायची, तोंड डोंगराकडं करून. कोतवाल उभा राहायचा आणि उजवा हात लांब करून डोंगराच्या एका टोकाच्या वडापासून हळूहळू फिरवायचा: "हिथूनऽ तिथपातुर!" हात फिरत फिरत सोंडेच्या मानेपाशी येऊन थांबायचा. तिथं हर्रास संपायची. लिंबाजीमामांच्या आधी त्यांच्या वडलांचा हात तिथंच थांबायचा. बोली लावणाऱ्याला, सोडणाऱ्याला, पाहणाऱ्याला, सगळ्यांना तो थांबलेला हात दिसायचा. मग दोन साक्षीदार 'ऐकलं' म्हणायचे. त्यांना दस्तूर म्हणून एक नारळ आणि पूर्वी हाली सिक्क्याचा, म्हणजे त्या जुन्या हुकुमतीच्या नाण्यातला, एक रुपया मिळे, अलीकडं एकवीस रुपये.

गेल्या वर्षी पंचायतीचा नवा हॉल झाला. पंखे, ट्यूबलाइट, प्लास्टिकच्या खुर्च्या. हर्रास आत घ्यायचं ठरलं, आणि तोंडी व्यवहार पुरे, आता रीतसर कागद करायचा असंही ठरलं. ते काम माझ्याकडं आलं. खरं सांगायचं तर मी ते ओढून घेतलं. नकाशा काढला, गटनंबर तपासला, चतुःसीमा लिहिल्या. पूर्वेस घाटरस्ता, दक्षिणेस माळ, पश्चिमेस वडाचा बांध, उत्तरेस कोरडा नाला. एकूण चौदा अटी. हप्ते किती, झाडाची फांदी मोडल्यास दंड किती, राखणदाराची झोपडी कुठं, सगळं. गावात इतका नेटका कागद कधी झाला नव्हता. ग्रामसेवक म्हणाले, "पॉईंटभाऊ, तहसीलला दाखवण्यासारखाय." मी घरी येऊन मंदाला, म्हणजे बायकोला, दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्या वेळी ती ज्वारी निवडत होती आणि बारावी अट चालू असताना तिनं नुसतं सूप आपटलं.

हॉलमध्ये लिंबाजीमामांनी सवयीनं हात वर केला. समोर भिंत होती. त्यांनी हात खाली घेतला, लोक हसले, मीही हसलो.

डोंगर घेतला मानवतच्या रशीदभाईंनी. फळांचा पिढीजात धंदा, पन्नाशीचा माणूस, पांढरी टोपी, बोलणं हळू. आमच्या डोंगराला ते नवे होते. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन पूर्ण वाचला. चौदाही अटी वाचणारा तो पहिला आणि शेवटचा माणूस. मला फार बरं वाटलं.

मग सोयाबीनची काढणी आली. मळणीयंत्रांची धूळ गावावर आठ-आठ दिवस बसून राहिली. तुरी फुलोऱ्याला आल्या. सकाळी घाटात धुकं आणि दुपारी तापलेली पाठ असे ते दिवस. कोजागिरीनंतर तीन-चार दिवसांनी सकाळच्या दुधाला कौसाबाई आल्या. किटली टेकवत म्हणाल्या, "पॉईंटभाऊ, सोंडंवर माणसं चढलीत की. तोडायलेत."

"वाट चुकली असतील."

"वाट कशानं चुकतेत? कॅरेटं हायेत संगं."

मी यंत्र बंद केलं, दार ओढलं आणि गेलो. आठ माणसं होती. सोंडेच्या वरच्या अंगाची झाडं रिकामी झाली होती. फळांचा डोळाही नीट उघडला नव्हता. पाला खाली पडलेला, आणि त्या कडू पाल्याचा उग्र वास. मी झाडं मोजली. रागात असलो की मी मोजतो. सोंडेवर एकशे त्रेसष्ट झाडं, त्यांतली बावन्न उतरवलेली.

रशीदभाई कडुलिंबाखाली कॅरेट भरून घेत होते. तळाला पाला, वर फळं, पुन्हा पाला. मी म्हणालो, "रशीदभाई, सोंड तुमची नाही."

त्यांनी हातातलं फळ खाली ठेवलं. "कागद तुमीच लिखे ना, भाऊ?"

"मीच."

"उत्तर को क्या लिखे?"

मला पाठ होतं. "उत्तरेस कोरडा नाला."

"सोंड नाले के इधर है, के उधर?"

"इकडं."

"तो फिर?"

शाळेत फळ्यासमोर उभं केलेल्या मुलासारखा मी उभा होतो. उत्तर बरोबर होतं आणि गणित चुकलेलं.

दुपारी पेठेतल्या हॉटेलात चार माणसं जमली. एकाचं म्हणणं, कागद फाडून टाका. दुसऱ्याचं, बाहेरगावचा माणूस आहे, पोरं पाठवली की मुकाट उतरेल खाली. मी म्हणालो की कागदावर त्यांची एक सही आहे तशी माझीही आहे. त्यांनी वाचून घेतला आणि आपण न वाचता दिला, यात त्यांचा गुन्हा काय? लिंबाजीमामा बशीत चहा ओतत म्हणाले, "माझा हात व्हता तवर कागद लागत न्हवता. आता कागद आला, तर हात भितीला लागायलाय." यावर कुणी हसलं नाही.

त्याच संध्याकाळी आत्याचा फोन आला. दरवर्षी याच सुमाराला येतो. तब्येत, पाऊस, म्हैस व्याली का, एवढं झाल्यावर ती तिचा एक प्रश्न विचारते. "अंकुशा, सोंड राखली न्हवं?"

"राखली," मी म्हणालो.

"मंग गुडघ्याला सांगते तयारी कर म्हणून."

फोन ठेवला. या ठिकाणी जुनी एक गोष्ट सांगायला हवी. आजोबा गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. जमीन अकरा एकर. माझे वडील, चुलते आणि आत्या, असे तीन वारस. तिचा वाटा तीन एकर साडेसव्वीस गुंठ्यांहून थोडा जास्त. सगळीकडं होतं तेच झालं. आत्यानं हक्क सोडला, भावांनी लुगडं-चोळी केली. आत्या रडली नाही, कुणी तिच्यावर जबरदस्तीही केली नाही. तो हक्कसोडीचा कागद जिंतूरला नेण्याआधी घरी कच्चा लिहून काढला तो मी. घरात अक्षर माझं चांगलं होतं. त्या कागदानंतर गावातलं आत्याचं म्हणावं असं जे उरलं, ते वर्षातून एक दिवस सोंडेवर जाण्याचं. लग्नाला चौपन्न वर्षं झाली, तिनं तो दिवस चुकवलेला नाही. पोटुशी असताना आली, नवरा वारला त्या वर्षी आली. आणि आता त्याच अक्षरानं मी तेही गुत्तेदाराला लिहून दिलं होतं. चौदा अटींसह.

सकाळी दुधाचं काम उरकून मी परत कडुलिंबाखाली गेलो. म्हणालो, "कागद तुमच्या बाजूनं आहे. चूक माझी आहे. सोंडेवर राहिलेल्या झाडांचं काय होईल ते सांगा, मी देतो."

रशीदभाईंनी मला बसायला उलटं कॅरेट दिलं. दस्तूर काय आहे तो सगळा विचारला. लेकींच्या ओटीचं ऐकून म्हणाले, "पहले बोलते तो बोली मेंच काट लेता, भाऊ. बहनों का कौन खाता? पर अब मजूर लगे, गाडी लगी. जो तोड्या सो तोड्या. वो अब परभणी में बिक बी गया."

"राहिलेलं सांगा."

"एकशे दस झाडां..."

"एकशे अकरा."

ते हसले. "एकशे ग्यारा. नऊ कॅरेट."

"उत्तरेचं फळ बारीक असतं. आठ."

"आठ. साडेछेसौ के भाव से."

भाव रास्त होता, मी आदल्या दिवशी जिंतूरला विचारून घेतला होता. पाच हजार दोनशे. त्यांनी घेतले, मोजले, माझ्याच वहीच्या कागदावर पावती लिहून दिली. एक रुपया सोडला नाही, एक जास्त घेतला नाही. मला तो माणूस आवडला. दुपारपर्यंत त्यांची माणसं सोंडेवरून उतरली, आणि सोंडेच्या मानेवर त्यांनी स्वतः एक दोरी बांधली, कुणी चुकून जाऊ नये म्हणून.

मंदानं विचारलं, "गावाची चूक, अन् पैसे घरचे?"

"गावाची नाही. अक्षर माझं."

"मंग पावती तरी घेतली का चुकीची?"

"घेतली."

"बरं झालं. फ्रेम करून लावा. बाकीच्या कागदांपेक्षा हीच कामाची हाय." असं म्हणून तिनं मला आणखी एक भाकरी वाढली. आमच्या घरात क्षमेची रीत हीच आहे.

दिवाळी आली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी नाक्याच्या खिडकीत होतो. लेकी निघाल्या. नव्या साड्या, कडेवर पोरं, आयांच्या मागं धावणाऱ्या परकऱ्या पोरी. मी मोजल्या, चौसष्ट. गावात सगळं वर्ष ज्यांचं नाव कुणी घेत नाही, त्या एकमेकींना नावानं हाका मारत होत्या. "ए पद्मे, तुझं तोंड किती सुजलंय सासरी!" "सुजलंय न्हाई, खाऊ घालतेत मला!" शिक्षिका, नर्स, मजुरीला जाणाऱ्या, ऊसतोडीला निघण्याआधी एक दिवस आलेल्या. सोंडेच्या वाटेवर सगळ्यांचा चालण्याचा वेग सारखाच होता, चौथीतल्या पोरींचा असतो तेवढा.

आत्या मागं राहिली. नाक्यापर्यंत आली, कुंडाच्या काठावर टेकली आणि गुडघ्याकडं बघत म्हणाली, "ह्यो काय ऐकायला तयार न्हाई." नाक्यापासून सोंड अर्धा किलोमीटर, त्यात चढ. मी म्हणालो पाठीवर घेतो, तर म्हणाली, "कडुलिंबापुढं तुला येता येत न्हाई, दस्तूर मोडायचा का आता माझ्यापायी?"

तेवढ्यात घाटातून रशीदभाईंची पिकअप वर आली. शेवटची कॅरेटं न्यायला आले होते. त्यांनी गाडी थांबवली, काय झालं ते विचारलं आणि पुढचं दार उघडलं. "बैठो अम्मा. मैं गाडी में बैठता, नीचे पाँव नहीं रखता. दस्तूर नहीं टूटता."

आत्यानं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. गावात आल्यावर तिला तासाभरात सगळं कळालेलं असणार. "तूच का रे आमची सोंड खाल्ली?"

"थोडी खाया, अम्मा. बाकी थूक दिया."

आत्या इतकी हसली की तिला गाडीत चढवताना दोघांना धरावं लागलं. पिकअप कडुलिंब ओलांडून सोंडेच्या पायथ्याशी गेली. वर झाडांमध्ये लाल, पिवळे, निळे पदर दिसत होते. बायकांच्या बोलण्याचा आवाज दूध उकळीला येताना होतो तसा एकसारखा येत होता, मधूनच कुणीतरी मोठ्यानं हसे. मी दोन तास काहीही मोजलं नाही.

आत्या परत आली ती ओटी धरून. कुंडाच्या काठावर बसली आणि फळं एकेक करून पदरातून बाहेर काढली. सत्तावीस. दोन माझ्यासमोर ठेवली. मग म्हणाली, "वरच्या अंगाची झाडं मोकळी दिसली."

मी सगळं सांगितलं. हॉल, चतुःसीमा, बावन्न झाडं, आणि फोनवर मी राखली म्हणालो ते अर्धंच खरं होतं हेही. ती ऐकत होती, ऐकता ऐकता एक फळ फोडून खात होती, बिया कुंडापलीकडं थुंकत होती. त्या गाडीवानांसारखीच.

"तुझं अक्षर लय गोड," ती म्हणाली. "माझ्या वाट्याला तुझे दोन कागद आले."

मला पहिल्या कागदाचं विचारायचं होतं ते तीस-बत्तीस वर्षं राहिलं होतं. विचारलं. "त्याचं वाईट वाटलं का गं?"

"वाटलं की. मी काय दगुड हाय?" पुन्हा एक बी थुंकली. "तुझ्या ध्यानात हाय का, सही मी तुझ्याकडूनच शिकले. अंगठा नगं म्हणलं, आपलं नाव आपण लिवावं. चार दिस पाटीवर गिरवलं. सु-भ-द्रा. लिवलं. सोडून देयाच्या कागदावर लिवलं. मंग पुन्हा कुठं लिवायची पाळीच आली न्हाई."

मी म्हणालो, "एखादा एकर तुझ्या नावे करू का?"

"अन् काय करू? चुडाव्याहून रेल्वेत बैल घालून आणू?" ती हसली, आणि मीही हसलो. मी पुन्हा विचारलं नाही. हेही इथं लिहून ठेवतो, कारण नाही लिहिलं तर हिशेब माझ्याच बाजूनं झुकेल.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "पुढल्या कागदात नीट लिव. सोंड सोडून, असं."

"लिहितो. साक्षीला येशील?"

"बायामाणसाची साक्ष चालती का?"

"चालते."

ती उठता उठता थांबली. "मंग पाटी धाडून दे."

पाटी मी पाठवली. मंदानं माळ्यावरून मुलाची जुनी शोधून काढली, पेन्सिलीचा डबा नवा घेतला. चुडाव्याच्या स्टेशनबाहेर आत्याच्या नातवाचं दुकान आहे, तिथं गल्ल्याशेजारी ती पाटी उन्हाळाभर होती, असं कळलं.

यंदा हर्रास परत पायऱ्यांवर घेतली. पाऊस नव्हता, डोंगर धुतल्यासारखा हिरवा समोर होता. कागद मी लिहिला. पहिलीच अट: डोंगर, सोंड सोडून. पण मी म्हणालो की कागदाबरोबर हातही पाहिजे. लिंबाजीमामा उठले, धोतराचा सोगा खोचला, वडापासून हात फिरवत आणला आणि सोंडेच्या मानेपाशी थांबवला. तसाच धरून ठेवला, नेहमीपेक्षा जास्त वेळ. "दिसलं का समद्यांला? का पुन्हा भित बांधता?"

बोली रशीदभाईंनीच मारली. आकडा सांगताना माझ्याकडं बघून म्हणाले, "सोंड के साडेचार काटे." फळं कमी, मजूर कमी, हिशेब बरोबर होता.

मग साक्षीदार. पहिली सही एका सदस्यानं केली, पेन न उचलता, एका झटक्यात. दुसरी आत्याची. मी कागद तिच्या मांडीवर पाटावर ठेवला. तिनं चष्मा पुसला. पेन पेन्सिलीसारखं घट्ट धरलं. 'सु' झाला. 'भ' झाला. गावाला इतका वेळ थांबायची सवय नाही, एक-दोघं चुळबुळले. रशीदभाई म्हणाले, "आराम से, अम्मा." 'द्रा'ला ती क्षणभर अडली, बोटानं हवेत एकदा गिरवलं आणि लिहिला. वर रेघ ओढली ती कागदाच्या कडेपर्यंत गेली.

ग्रामसेवकांनी दस्तुराचं व्हाउचर पुढं केलं. रशीदभाईंकडून पंचायतीला पहिल्या हप्त्याचे, म्हणजे बोलीचे निम्मे, अडुसष्ट हजार दोनशे पन्नास, त्याच दिवशी जमा झाले. साक्षीदारांना एकेक नारळ आणि एकवीस-एकवीस रुपये. आत्यानं नोटा मोजल्या, नाणं उलटंसुलटं करून पाहिलं आणि पदराच्या गाठीत बांधलं. मग व्हाउचरवर बोट ठेवून विचारलं, "हे काय लिवलंय?"

"मिळाले," मी वाचून दाखवलं.

"मला?"

"तुला."

तिनं पेन पुन्हा मागून घेतलं. या वेळी सही लवकर झाली. रुपये एकवीस, सुभद्राबाईंना, धामणटेकच्या कागदावर, मिळाले.